सेवेची प्रेरणा आणि सेवेचे वेतन

माणूस सेवेच्या व्यवसायात का पडतो, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. परिचारिका, शिक्षक, समाजकार्यकर्ता यांच्या अंगी सेवाभाव असतो आणि म्हणूनच ते या वाटेला येतात, एवढे म्हटले की विषय संपतो. या उत्तराला एक पुरवणीही जोडलेली असते. ज्याच्या अंगी सेवाभाव आहे त्याने पैशाची भाषा करू नये, ही ती पुरवणी होय. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाच्या समारंभात ज्या बाईंच्या तसबिरीला हार घातला जातो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे आयुष्य मात्र या उत्तराविषयी शंका उत्पन्न करते आणि त्याच्या पुरवणीचे तर सरळसरळ खंडन करते. रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी स्त्री, ही त्यांची प्रतिमा इतकी लोकप्रिय झाली आहे की त्या दिव्याच्या उजेडात खुद्द बाईच दिसेनाशा झाल्या आहेत.

नाइटिंगेलबाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला आणि त्या शहरावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. घराणे इंग्लंडातील गर्भश्रीमंतांपैकी. डर्बीशरमध्ये एक आणि हँपशरमध्ये एक अशी दोन प्रशस्त निवासस्थाने, नोकरचाकर, पाहुण्यांची सतत ये-जा आणि लंडनमधील उच्चभ्रू समाजात वावर. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. त्या काळच्या इंग्लंडात विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती. मुलीला पुरुषाचे शिक्षण द्यायचे आणि तिच्याकडून आयुष्य मात्र दिवाणखान्यातील शोभेच्या बाहुलीचे अपेक्षायचे, असा हा विचित्र प्रकार होता.

वयाच्या सतराव्या वर्षी, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, ईश्वराने आपल्याला त्याच्या कार्यासाठी हाक दिली असा अनुभव त्यांना आला आणि त्यांनी तो लिहून ठेवला. कार्य कोणते, हे मात्र त्यांना उमगले नव्हते. ते शुश्रूषेचे आहे हे स्पष्ट होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. १८४५ मध्ये सॉल्झबरीच्या रुग्णालयात काही महिने काम शिकण्याची परवानगी त्यांनी मागितली तेव्हा घरात आकांत झाला. आईला तो कुलीनतेला लागलेला कलंक वाटला. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे मद्यपी, अशिक्षित आणि चारित्र्याने संशयास्पद स्त्री अशीच सर्वसाधारण समजूत होती. परवानगी मिळाली नाही. मग पहाटे घर जागे होण्यापूर्वी उठून, मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे अहवाल आणि सरकारी आरोग्यविषयक प्रतिवृत्ते वाचायची, त्यांतील आकडे टिपून घ्यायचे आणि सकाळी न्याहारीच्या टेबलावर आज्ञाधारक कन्येसारखे हजर व्हायचे, असा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालवला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या विद्वान आणि सुस्वभावी गृहस्थाने त्यांना दीर्घकाळ विवाहासाठी विचारले होते. त्यांच्याविषयी मनात ओढ असूनही १८४९ मध्ये बाईंनी त्यांना नकार दिला. आपल्या बुद्धीची आणि भावनेची भूक या विवाहाने भागेल, परंतु कार्य करण्याची जी तिसरी भूक आहे ती उपाशीच राहील, असा हिशेब त्यांनी आपल्या खासगी टिपणात मांडला होता.

आता प्रश्न असा की, या बाईंची खरी प्रेरणा कोणती मानायची? श्रद्धावंत म्हणतील, ईश्वराची हाक. फ्रॉइडच्या परंपरेतील मानसशास्त्रज्ञ म्हणेल की, नाकारलेल्या संसाराची ऊर्जा येथे समाजमान्य कार्याकडे वळली आहे. याला तो उदात्तीकरण असे नाव देईल. ॲडलरचा अनुयायी त्यांच्या घरातील कोंडमाऱ्याकडे बोट दाखवील आणि दुबळेपणाच्या जाणिवेवर मात करण्याची ही धडपड आहे, असा निर्वाळा देईल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची जी उतरंड मांडली, तिच्यात अन्न, सुरक्षितता, प्रेम आणि प्रतिष्ठा या गरजा खालून वर रचलेल्या असून, अंगभूत शक्तींना पूर्ण वाव मिळावा ही गरज शिखरावर आहे. नाइटिंगेलबाईंच्या बाबतीत खालचे सर्व मजले जन्मतःच बांधून मिळाले होते. शिखराकडे जाणारा जिनाच तेवढा काढून टाकलेला होता. यांपैकी प्रत्येक उपपत्तीत काही तथ्य आहे. पण त्यांच्यासारख्याच घरांत कोंडमारा सोसणाऱ्या, श्रद्धावान आणि बुद्धिमान अशा शेकडो मुली होत्या. त्या सर्व काही रुग्णालयाकडे वळल्या नाहीत. प्रेरणेची कारणे सांगणे आणि माणसाच्या निवडीचा उलगडा करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

१८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कैझर्सवर्थ येथील प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेत तीन महिने राहून शिकण्याची संधी त्यांनी मिळवली. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील, आजारी कुलीन स्त्रियांसाठी चालवलेल्या एका संस्थेच्या अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद बिनपगारी होते. ते त्यांना पतकरता आले याचे कारण वडिलांनी त्यांना वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक बांधून दिली होती. त्या काळी ही रक्कम एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने सुखाने राहावे एवढी होती. निरपेक्ष सेवेच्या गोष्टी सांगताना हा तपशील वगळण्याची प्रथा आहे. वास्तविक, तो वगळला की गोष्टच खोटी होते. याच युद्धाच्या काळात जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल यांनीही क्रिमियात जाण्यासाठी लंडनमध्ये अर्ज केले होते. ते नाकारले गेल्यावर त्या स्वखर्चाने तेथे गेल्या. बालाक्लाव्हाजवळ खाणावळ आणि दुकान चालवून त्या उत्पन्नातून त्यांनी सैनिकांची शुश्रूषा केली आणि युद्ध संपताच त्यांचे दिवाळे निघाले. सेवाभाव दोघींच्याही ठिकाणी होता. एकीच्या पाठीशी वार्षिक नेमणूक होती आणि दुसरीच्या पाठीशी नव्हती.

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन १८५४ मध्ये उतरले. तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात ब्रिटिश सैनिकांचे जे हाल होत होते, त्यांची वार्तापत्रे लंडनच्या दैनिकांत येऊ लागली आणि लोकमत खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या सूचनेवरून ३८ स्त्रियांचे पथक घेऊन नाइटिंगेलबाई २१ ऑक्टोबर १८५४ रोजी लंडनहून निघाल्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्कुटारीला पोहोचल्या. या पथकाची घटना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. त्यात १० कॅथलिक जोगिणी होत्या, १४ जणी इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मसंस्थांकडून आलेल्या होत्या आणि उरलेल्या १४ जणी रुग्णालयांत पोटासाठी काम करणाऱ्या साध्या परिचारिका होत्या. या शेवटच्या गटाशी वेतनाचा रीतसर करार करण्यात आला होता. राहणे, जेवण आणि गणवेश यांखेरीज आठवड्याला १२ ते १४ शिलिंग आणि वर्षभर चांगले काम केल्यास त्यात वाढ, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्यक्ष कामात बाईंना आलेला अनुभव एकसुरी नव्हता. पगारी बायकांपैकी काहींना मद्यपानामुळे परत पाठवावे लागले. तर दुसरीकडे, रुग्णाच्या आत्म्याची चिंता वाहताना त्याचे अंथरूण बदलायचे विसरणाऱ्या धर्मभगिनीही त्यांनी पाहिल्या. उत्तम काम करणाऱ्या स्त्रिया दोन्ही गटांत निघाल्या. प्रेरणा शुद्ध असली म्हणजे काम शुद्ध होतेच असे नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि तो जन्मभर विसरला नाही.

स्कुटारीतील पहिला हिवाळा भीषण होता. चार हजारांहून अधिक सैनिक तेथे मरण पावले आणि त्यांपैकी बहुसंख्य जखमांनी नव्हे, तर विषमज्वर, पटकी, हगवण अशा रोगांनी गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळिसाच्या वर गेले होते. मार्च महिन्यात सरकारने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे साफ करवली, पाण्याची व्यवस्था सुधारली, खोल्यांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. सेवा तीच, परिचारिका त्याच आणि दिवाही तोच. बदलली होती ती गटारे.

ऑगस्ट १८५६ मध्ये नाइटिंगेलबाई इंग्लंडला परतल्या तेव्हा त्या राष्ट्राच्या आराध्यदैवत बनल्या होत्या. स्वागतसमारंभ टाळून त्या मुकाट्याने घरी गेल्या. सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग १८५७ मध्ये नेमला गेला, तो मुख्यतः त्यांच्या खटपटीने. त्यासाठी विल्यम फार या नामवंत संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंचे आकडे तपासले. युद्ध चालू असताना त्यांचा समज होता की, सैनिक आधीच उपासमारीने आणि कष्टाने खचून रुग्णालयात येत, म्हणून मरत. आकड्यांनी दाखवले की, मोठा अपराध खुद्द रुग्णालयाच्या घाणीचा होता. शांततेच्या काळातसुद्धा बराकीत राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट होता. ही माहिती मंत्र्यांच्या डोळ्यांत भरावी म्हणून त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांसारख्या रंगीत आकृत्या काढल्या, त्या आजही संख्याशास्त्राच्या इतिहासात मानाने दाखवल्या जातात. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

स्वतःच्या देखरेखीखालील रुग्णालयात इतके लोक टाळता येण्याजोग्या कारणांनी मेले, या जाणिवेचा डंख त्यांच्या पुढील आयुष्यामागे होता, असे काही चरित्रकारांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर त्यांच्या प्रेरणेची एक नवीच उपपत्ती तयार होते. तारुण्यात ईश्वराची हाक आणि घरातून सुटका, चाळिशीच्या उंबरठ्यावर मृतांचे ऋण. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये अशी कल्पना मांडली की, माणसाची प्रेरणा कालांतराने आपल्या मूळ कारणापासून स्वतंत्र होते. ज्या हेतूने माणूस एखादे काम हाती घेतो तो हेतू नाहीसा झाला, तरी ते काम स्वतःच एक हेतू बनून त्याला पुढे नेते. नाइटिंगेलबाईंच्या आयुष्याला ही कल्पना इतर कोणत्याही उपपत्तीपेक्षा अधिक जुळते. माणूस व्यवसायात का आला, यापेक्षा तो तेथे का टिकला, हाच प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आणि टिकण्याचा संबंध मनाइतकाच परिस्थितीशीही असतो.

मानसशास्त्रीय निदाने घाईने करू नयेत, याचाही एक पाठ या चरित्रात आहे. १८५७ नंतर बाईंनी अंथरूण धरले आणि कित्येक वर्षे त्या खोलीतूनच काम करीत राहिल्या. मंत्र्यांना त्या तेथेच भेटत आणि तेथूनच लेखणीच्या जोरावर त्यांना कामाला जुंपत. १९१८ मध्ये लिटन स्ट्रॅची यांनी त्यांचे जे खोचक शब्दचित्र लिहिले, त्यात सेवामूर्तीच्या जागी झपाटलेली, सहकाऱ्यांना पिळून काढणारी स्त्री उभी केली. पुढील अनेकांनी त्यांचे दुखणे मनोजन्य ठरवले; लोकांना टाळण्याची ती एक युक्ती होती असेही सुचवले. १९९५ मध्ये यंग या अभ्यासकाने मात्र लक्षणे ताडून असा निष्कर्ष मांडला की, क्रिमियात त्यांना जो ताप आला होता तो बहुधा ब्रूसेलोसिस या जंतुजन्य रोगाचा असावा आणि पुढची वर्षानुवर्षांची पाठदुखी व अशक्तता ही त्याचीच जुनाट अवस्था असावी. ज्याला पाऊणशे वर्षे मनाचा खेळ म्हटले गेले, ते कदाचित साधे दूषित दूध असेल.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. कृतज्ञ जनतेने जमवलेला सुमारे ४५,००० पौंडांचा निधी बाईंच्या हाती होता. त्यातून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडण्यात आली. स्वतः ईश्वराच्या हाकेने या मार्गाला लागलेल्या स्त्रीने ही शाळा त्या हाकेच्या भरवशावर उभारली नाही. उमेदवार मुलीला वर्षभराचे पद्धतशीर शिक्षण, राहण्याची स्वतंत्र व्यवस्था, जेवण, गणवेश आणि हातखर्चासाठी वर्षाला १० पौंड मिळत. शिक्षण पूर्ण होताच ठरावीक वेतनाची नोकरी मिळे. या शाळेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स यांनी १८६५ पासून लिव्हरपूलच्या निर्धनगृहाच्या रुग्णालयाचा कायापालट केला आणि १८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, तेथील तापानेच त्यांचा बळी घेतला. त्यांच्यावर बाईंनी जो स्मरणलेख लिहिला, त्यात हौतात्म्याचे गोडवे गाऊन त्या थांबल्या नाहीत. शुश्रूषा ही शिकावी लागणारी कला आहे, तिला योग्य मोल दिले पाहिजे, आणि मोल घेतल्याने ती हलकी होत नाही, हे त्यांनी तेथेही बजावले. संन्यास न घेताही स्त्रीला हे काम करता यावे, हा त्यांचा सारा खटाटोप होता.

अर्थशास्त्रात एक जुना युक्तिवाद आहे. जे काम स्वतःच समाधान देते त्याचे वेतन कमी असणे साहजिक आहे, कारण समाधान हाही वेतनाचाच एक भाग झाला. बाजाराचे वर्णन म्हणून हे खरे असेल. पण त्याचा उपयोग धोरण म्हणून होऊ लागला की, सेवाभाव हा सेवा करणाऱ्यावरच बसवलेला कर ठरतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात येथे उपयोगी पडेल असा भेद केला आहे. वेतन, कामाची स्थिती, वरिष्ठांची वागणूक यांना त्यांनी आरोग्यरक्षक घटक म्हटले. ते चांगले असल्याने माणसाला काम प्रिय होते असे नाही. परंतु ते वाईट असले की, असलेली प्रीतीही मरते. प्रीती उपजते ती कामातील कर्तृत्वातून, जबाबदारीतून आणि वाढीतून. हर्झबर्ग यांनी ही उपमा सार्वजनिक आरोग्यशास्त्रातून उचलली होती. स्कुटारीची गटारे साफ केल्याने कोणाची जखम भरून आली नाही. मात्र ती तुंबलेली असताना कितीही मायेने बांधलेली जखम व्यर्थ जात होती. वेतनाचे स्थान नेमके असेच आहे.

यावर एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पैशाने सेवेची प्रेरणाच आटते, असे मानणारा गंभीर विचारही आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाचा अभ्यास करून, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान मिळालेले रक्त समाजाला अधिक हितकर ठरते असे प्रतिपादन केले. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रयोगाने दाखवले की, कोडी सोडवण्यात रमलेल्या विद्यार्थ्यांना त्यासाठी पैसे दिले की त्यांचा मूळचा रस कमी होतो. पण या प्रयोगांतील मोबदला होता तो सुट्या कृतीचा. एक कोडे सोडवले की एक नाणे, अशी ती रीत होती. महिन्याचे निश्चित वेतन, निवृत्तीची तरतूद आणि व्यवसायाची प्रतिष्ठा या गोष्टी त्या जातीच्या नव्हेत. त्या माणसाला चिंतेपासून मोकळे करतात आणि त्याचे मन कामावर ठेवतात. नाइटिंगेलबाईंनी मागितले ते हेच.

या बाबतीत आपल्या देशाची गत उलटी आहे. २००५ पासून ग्रामीण आरोग्याचा भार ज्यांच्या खांद्यावर टाकला गेला, त्या आशा कार्यकर्त्यांना आपण स्वयंसेविका म्हणतो, म्हणजे कर्मचारी मानण्याचे टाळतो. आणि त्यांचा मोबदला मोठ्या अंशी कामागणिक प्रोत्साहन भत्त्याच्या रूपाने देतो. एवढी प्रसूती, एवढी लसीकरणे, असा तो हिशेब असतो. म्हणजे जो मोबदला प्रेरणा सुकवतो असे संशोधन सांगते तो आपण देतो, आणि जो तिला आधार देतो तो सेवाभावाच्या नावाने नाकारतो.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी हिंदुस्थानचा विषय त्यांनी सुमारे चाळीस वर्षे सोडला नाही. येथील ब्रिटिश फौजेत दर हजारी ६९ सैनिक दरसाल मरत, हे १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाने उघड केले, आणि त्या अहवालामागे बाईंचे श्रम होते. सैनिकांपासून सुरू झालेली त्यांची दृष्टी पुढे रयतेकडे वळली. दुष्काळ, पाटबंधारे, सावकारी, जमीनधारा यांवर त्यांनी लिहिले आणि खेड्यांच्या आरोग्याविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. शुश्रूषेची सुरुवात रुग्णाच्या उशाशी होत असली तरी तिचा शेवट अंदाजपत्रकात होतो, हे त्यांना उमगले होते.

त्यांच्या विचाराला मर्यादाही होत्या. परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून इंग्लंडात १८८७ नंतर चळवळ सुरू झाली तेव्हा त्यांनी तिला कसून विरोध केला. चारित्र्याची परीक्षा कागदावर घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, नोंदणीचा कायदा झालाच. व्यवसायाला वेतन आणि शिक्षण मिळवून देणाऱ्या बाईंना त्याला अधिकारही हवे असतात, हे पुरते पटले नव्हते. वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक असणाऱ्या माणसाची दृष्टी कोठे तरी अडखळायचीच.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती आणि स्मृतीही मावळत चालली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा प्रस्ताव त्यांच्या इच्छेनुसार नातेवाइकांनी नाकारला. हँपशरमधील ईस्ट वेलो या खेड्यातील त्यांच्या थडग्यावर पूर्ण नावही नाही, केवळ आद्याक्षरे आणि तारखा आहेत.

त्यांच्या द्विशताब्दीचे म्हणून २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणी यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि नेमकी त्याच वर्षी महामारी आली. २२ मार्च रोजी आपण गॅलऱ्यांत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. पण कृतज्ञता हे वेतन नव्हे आणि सेवाभाव ही शिधापत्रिका नव्हे. परिचारिका या व्यवसायात का आली याचा शोध तिच्या मनात घेण्याचा अधिकार समाजाला फारसा नाही. ती तेथे टिकावी यासाठी आपण काय केले, याचा जाब देणे मात्र त्याचे कर्तव्य आहे. तसबिरीला हार घालताना एवढा हिशेब मांडला, तरी त्या आकडेप्रिय बाईंना तो हारापेक्षा अधिक आवडला असता.